अर्धवट पुस्तकं आणि शिफारशींची यादी : प्रकल्प नोंदी

५ जानेवारी २०२५

मध्येच भरकटायची खोड आहे, म्हणून काम काय ते आधी लिहून ठेवते. "काहीतरी चांगलं वाचायला सांग ना" म्हणणारे बरेच असतात. त्यांना आजवर तोंडाला येईल ते नाव सांगत आले. आता एक नीट यादी करायची आणि प्रत्येक पुस्तकापुढे मी स्वतः ते कुठवर वाचलंय तेही लिहायचं. माझ्या कपाटातली निम्मीअधिक पुस्तकं अर्धवट आहेत आणि त्यांतली कितीतरी मी लोकांना बिनदिक्कत सुचवते. त्यात गैर काही नाही. फक्त समोरच्याला ते ठाऊक असावं.

भाच्याने स्प्रेडशीट उघडून दिली. त्याने रकाने दोनच केले होते, 'वाचलं' आणि 'नाही वाचलं'.

"मावशी, एवढं पुरे की."

"आणि मध्येच सोडलेलं कुठे टाकू?"

"ते 'नाही वाचलं'मध्ये. सोपं आहे."

इथेच आमचं बिनसलं. सहाशे पानांतली चारशे वाचून ठेवलेलं पुस्तक आणि अजून कागदातून बाहेरही न काढलेलं पुस्तक एका रकान्यात कसं घालणार? वाचनाच्या नोंदी ठेवायच्या गुडरीड्स या संकेतस्थळावर मी खातं उघडलं तेव्हा तिथेही फळ्या तीनच मिळाल्या : वाचलेली, वाचत असलेली, वाचायची असलेली. सोडून दिलेल्यांची फळी ज्याची त्याने बनवायची होती.

शेवटी सहा रकाने केले. पुस्तक, लेखक, कोणती आवृत्ती, कुठे थांबले, का थांबले, कोणाला द्यावं. भाचा म्हणाला, हे म्हणजे सरकारी फॉर्म झालं. होऊ दे.

११ जानेवारी

सगळ्यात वरची फळी झाली. अपेक्षेपेक्षा जास्त वेळ लागला, कारण पुस्तकांत खुणेला घातलेल्या वस्तू बघत बसले. बसचं तिकीट, लग्नपत्रिकेचा तुकडा, रिकामी झालेली गोळ्यांची पट्टी. एका ठिकाणी टाचणी, ती गंजून दोन्ही पानांवर तांबूस रेघ उठली आहे. दुकानांच्या पावत्या सगळ्यात कामाच्या, कारण त्यांवर तारीख असते. पण मशीनमधून निघणाऱ्या त्या गुळगुळीत कागदावरची अक्षरं काही वर्षांत उडून जातात, त्यामुळे काही पुस्तकांत आता नुसतेच कोरे चिटोरे आहेत.

श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत'च्या दुसऱ्या खंडात, अगदी सुरुवातीलाच, औषधाच्या दुकानाची पावती मिळाली. खोकल्याचं औषध आणि थर्मामीटर. तारीख वाचता येते. घरात सगळे आळीपाळीने तापाने आडवे झाले होते तो आठवडा. म्हणजे पहिला जाडजूड खंड मी संपवला, दुसरा उघडला आणि ताप आला. इतकी वर्षं मी सगळ्यांना सांगत होते की दुसरा खंड पकड घेत नाही! पुस्तकाला बोल लावला आणि कारण थर्मामीटर निघालं.

'का थांबले' : ताप. 'कोणाला द्यावं' : ज्याला घराण्यांच्या गोष्टी आवडतात आणि ज्याच्याकडे लांब सुट्टी आहे. एक सूचनाही जोडली. खोतांच्या पिढ्यांची वंशावळ पहिल्या दिवसापासून एका कागदावर काढत जावी आणि तोच कागद खूण म्हणून वापरावा. तसं केलं नाही तर आठवडाभराच्या खंडानंतर कोण कोणाचा काका हे शोधण्यातच जीव जातो.

१९ जानेवारी

'का थांबले' या रकान्यात ओळीने 'कंटाळा' लिहिलेलं पाहून मलाच कंटाळा आला. आजपासून त्या शब्दाला बंदी.

बंदी घातल्यावर खरी कारणं बाहेर पडायला लागली. एका कादंबरीचा टाइप इतका बारीक आहे की रात्रीच्या दिव्यात ओळ सुटते. एकीची बांधणी अशी की निम्म्याच्या पुढे पुस्तक उघडं राहत नाही, दोन्ही अंगठ्यांनी दाबून धरावं लागतं, मग चहाचा कप धरायचा कशाने. एका रहस्यकथेचा शेवट जेवताना कोणीतरी सांगून टाकला. एका जाड अनुवादापुढे लिहिलं, "अक्षरं मराठी, वाक्यं मराठी नाहीत." हे कारण बरेचदा येणार असं दिसतं. अनुवाद सुचवताना अनुवादकाचं नाव बघितल्याशिवाय सुचवायचं नाही असं ठरवलं. मूळ लेखक कितीही थोर असो, आपण वाचतो ती वाक्यं अनुवादकाची असतात.

पाच-सहा पुस्तकांपुढे मात्र काय लिहावं सुचेना. ती सोडलेली नाहीत, पुढे वाचायचीही घाई नाही. तिथे 'आवडलं, म्हणून' असं लिहून ठेवलंय. खुलासा नंतर.

२ फेब्रुवारी

सोडायचं कधी याला काही नियम असावा का, ते आज बघितलं. नॅन्सी पर्ल या अमेरिकन ग्रंथपालबाईंचा नियम प्रसिद्ध आहे : पुस्तकाला पन्नास पानं द्या, नाही जमलं तर ठेवून द्या. तुमचं वय पन्नासच्या वर असेल तर शंभरातून वय वजा करा, उरतील तेवढीच पानं द्या. साठीच्या माणसाने चाळीस, सत्तरीच्या माणसाने तीस. उरलेलं आयुष्य कमी, म्हणून परीक्षाही लवकर. मला हा हिशेब फार पटतो. शंभरी गाठलेल्या माणसाने मुखपृष्ठ बघूनच ठरवावं असं त्या गमतीने म्हणतात.

पण माझ्या कपाटावर लावून बघितला तर तो डुगडुगतो. विश्राम बेडेकरांच्या 'रणांगण'मध्ये (१९३९) पन्नास पानं म्हणजे कादंबरीतला चांगलाच मोठा वाटा. युरोपातून निघालेली बोट, तिच्यावर जर्मनीतून बाहेर पडलेले ज्यू, चक्रधर आणि हॅर्टा. पन्नास पानांत तुम्ही बोटीवर पुरते अडकलेले असता, उतरायचा प्रश्नच नाही. नेमाड्यांच्या 'हिंदू'ची सहाशेच्या वर पानं. तिथे पन्नास म्हणजे फार तर बारावा हिस्सा. लीळाचरित्रात पन्नास पानांत कितीतरी लीळा होऊन जातात. पानांची संख्या एकच ठेवून तिन्हींचा न्याय कसा करणार?

सोळाव्या शतकातला फ्रेंच निबंधकार मोंतेन याचं मला जास्त जवळचं वाटतं. तो म्हणतो, वाचताना अवघड जागा आली तर मी नखं कुरतडत बसत नाही. एक-दोनदा चाल करून बघतो आणि सोडून देतो. त्याची दुसरी सवय मात्र उचलण्यासारखी. त्याची स्मरणशक्ती कच्ची होती आणि आधी वाचलेली, खुणा केलेली पुस्तकं तो नवी समजून पुन्हा हातात घ्यायचा. मग त्याने पुस्तकाच्या शेवटी कधी वाचून संपवलं आणि एकूण मत काय झालं ते लिहून ठेवायला सुरुवात केली. मी तेच करणार, फक्त शेवटच्या पानावर नाही. जिथे थांबले त्या पानाच्या कडेला, मऊ पेन्सिलीने, तारीख आणि दोन ओळी.

९ फेब्रुवारी

आजचा सगळा दिवस 'हिंदू : जगण्याची समृद्ध अडगळ'मध्ये गेला. २०१० साली आली तेव्हा सगळ्यांबरोबर मीही आणली आणि सगळ्यांबरोबर मीही सुरुवातीलाच अडकले. नायक खंडेराव मोहेंजोदडोच्या उत्खननात आहे, काळ एकमेकांत मिसळलेले, आणि आपण अजून त्याच्या घरच्या कोणालाच ओळखत नाही. मग वडील आजारी असल्याचं कळतं, तो मोरगावला यायला निघतो आणि हळूहळू माणसं यायला लागतात. पहिल्या वेळी मी मोरगावपर्यंत पोचलेच नव्हते. दुसऱ्या वेळी एका मैत्रिणीने सांगितलं, "आधी गावात जा. मोहेंजोदडो नंतर बघ." तशी शिरले आणि झपाट्याने वाचत गेले.

आज खूण आहे ती जवळजवळ दोन-तृतीयांशावर. पुढे जाईन की नाही माहीत नाही, आणि गेले नाही तरी ही कादंबरी मी वाचलेली नाही असं कोणी म्हणू नये. नावातच अडगळ आहे. अडगळीच्या खोलीत माणूस एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत शिस्तीत चालत जात नाही, काहीतरी शोधायला शिरतो आणि भलतंच घेऊन बाहेर येतो. तिरोनी आत्याची पानं मी कितीदा वाचली असतील. पुन्हा, ही चार कादंबऱ्यांमधली पहिली म्हणून जाहीर झाली होती. म्हणजे संपवली तरी ती कुठे संपते?

एक नेहमीची शिफारस आज यादीतून काढली. 'कोसला' आवडलेल्या माणसाला लगेच 'हिंदू' द्यायची नाही. 'कोसला' (१९६३) वाचणाऱ्याच्या कानात पांडुरंग सांगवीकरचा तो तिरकस, धावता आवाज बसलेला असतो आणि तो इथे पहिल्या पानापासून तोच शोधायला लागतो. मध्ये निदान वर्षभर जाऊ द्यावं.

आणि या सगळ्यातून सातवा रकाना निघाला : 'कुठून शिरावं'. हाच मुख्य रकाना होणार असं दिसतंय. नीट संपवलेल्या पुस्तकातला चढ आपण विसरून जातो, वर पोचलेल्याला फक्त देखावा आठवतो. अडून बसलेल्याला मात्र चढ नेमका कुठे आहे ते पक्कं ठाऊक असतं. त्यामुळे 'कुठून शिरावं' या रकान्यात मला सर्वांत जास्त लिहिता येतंय ते न संपवलेल्या पुस्तकांबद्दल.

१६ फेब्रुवारी

काही काम नाही. नवीन आणलेलं वाचत बसले. दोन्ही अर्धी.

२२ फेब्रुवारी

आज एक उपयादी केली, लेखकानेच अर्धवट ठेवलेल्या पुस्तकांची. अर्धवट वाचनाबद्दल ज्यांना अपराधी वाटतं त्यांना ही दाखवावी.

काफ्काच्या तिन्ही कादंबऱ्या अपुऱ्या. तो १९२४ मध्ये गेला. कागद जाळून टाक असं त्याने मित्राला, माक्स ब्रोडला, लिहून ठेवलं होतं. ब्रोडने ऐकलं नाही आणि त्या छापल्या. 'कासल' तर वाक्याच्या मध्येच थांबते. ती शेवटपर्यंत वाचली तरी शेवट हाती लागत नाही. डिकन्सची शेवटची कादंबरी, एडविन ड्रूडचं रहस्य, बारा हप्त्यांत यायची होती. १८७० मध्ये तो गेला तेव्हा सहा झाले होते. खून कोणी केला, मुळात झाला का, यावर लोक आजही भांडतात. पुरी झालेल्या रहस्यकथेवर कोण भांडतं?

आपल्याकडे लक्ष्मीबाई टिळकांचं उदाहरण आहेच, आणि तेही दुहेरी. रेव्हरंड टिळकांनी 'ख्रिस्तायन' अपुरं ठेवलं ते लक्ष्मीबाईंनी पुरं केलं. त्यांची स्वतःची 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून भागाभागाने आली, १९३६ मध्ये त्या गेल्या, आणि राहिलेला शेवटचा भाग मुलाने, देवदत्त टिळकांनी, पुरा केला. नवऱ्याचं अर्धवट बायकोने आणि बायकोचं मुलाने. त्या घरात अर्धवट कामाची कोणाला लाज वाटत होती असं दिसत नाही.

आणखी एक गोष्ट याच ओघात सुचली. हरिभाऊ आपट्यांनी १८९० मध्ये 'करमणूक' साप्ताहिक सुरू केलं आणि 'पण लक्षात कोण घेतो?' त्यातून हप्त्याहप्त्याने येत गेली. त्या काळच्या वाचकाच्या हातात कादंबरी कायम अर्धवटच असायची. यमूचं पुढे काय होणार हे कळायला आठवडाभर थांबायचं, तोवर घरात चर्चा करायची. आज आपण तीच कादंबरी बांधीव पुस्तकातून घाईने पुढे रेटतो आणि मधल्या पानांत दमतो. ती तशीच वाचावी असं मी 'कुठून शिरावं'मध्ये लिहिलंय : आठवड्याला एक-दोन प्रकरणं, जास्त नाही.

८ मार्च

'आवडलं, म्हणून'चा खुलासा.

जी. ए. कुलकर्णींच्या कथा सलग वाचायच्या नाहीत. 'काजळमाया' मी कॉलेजात एका दमात वाचायला घेतली होती, तिसऱ्या कथेनंतर सगळं एकाच काळ्या रंगाचं दिसायला लागलं. आता एक कथा झाली की पुस्तक बंद, आणि पुढची निदान काही दिवसांनी. 'रमलखुणा'मध्ये दोनच दीर्घकथा आहेत, 'प्रवासी' आणि 'इस्किलार'. पहिली झाल्यावर दुसरीला हात लावायला मी जवळजवळ वर्ष घेतलं. तेवढा वेळ पहिलीच चालू होती.

आणि 'कुसुमगुंजा' मी वाचलेलंच नाही. जी. ए. १९८७ मध्ये गेले, त्यानंतर निघालेला हा संग्रह. आणला, पानं चाळली आणि मुद्दाम ठेवून दिला. आता नवीन जी. ए. येणार नाहीत. एक तरी न वाचलेलं घरात असू द्यावं. या वागण्याला तर्क नाही. भाच्याने ऐकून नुसत्या भुवया वर केल्या.

कोणाला द्यावं : जी. एं.ची पहिली ओळख करून द्यायची असेल तर अख्खा संग्रह देऊ नये, एक कथा सांगावी. मी 'विदूषक' सांगते. लांब आहे, पण त्यातल्या संवादांची धार पहिल्या काही पानांतच लागते. ज्याला तिथे मजा येत नाही त्याला बाकीचे जी. ए. देऊन दोघांचाही छळ करू नये.

१५ मार्च

लोक पुस्तकं कुठवर वाचतात हे मोजायचा एक गमतीचा प्रयत्न सापडला. जॉर्डन एलेनबर्ग या गणितज्ञाने २०१४ मध्ये किंडल या ई-पुस्तकांच्या यंत्रावरच्या सार्वजनिक माहितीतून एक निर्देशांक काढला. एखाद्या पुस्तकात वाचकांनी सगळ्यात जास्त अधोरेखित केलेले पाच उतारे घ्यायचे, ते सरासरी कितव्या पानावर येतात ते बघायचं आणि त्याला एकूण पानांनी भागायचं. स्टीफन हॉकिंगच्या काळाच्या इतिहासावरच्या पुस्तकावरून नाव दिलं 'हॉकिंग निर्देशांक'. त्या पुस्तकाला मिळाले ६.६ टक्के. थॉमस पिकेटीच्या भांडवलावरच्या जाड ग्रंथाला २.४. हे शास्त्रीय नाही हे त्याने स्वतःच सांगितलं होतं. लेखक मुख्य मुद्दा सुरुवातीलाच मांडत असेल तर खुणा तिथेच पडणार.

पण माझ्या पेन्सिलीला हे लावून बघायचा मोह आवरला नाही. इतिहासाची आणि अर्थशास्त्राची पुस्तकं काढून जमिनीवर मांडली आणि नुसत्या रेघा बघितल्या. प्रस्तावनेत जवळजवळ प्रत्येक ओळ रेघ मारलेली, समासात 'महत्त्वाचं!', 'अगदी बरोबर'. पहिल्या प्रकरणात परिच्छेदाला एक. दुसऱ्यात पानाआड. मग एक लांबलचक, अर्ध्यात थरथरलेली रेघ, बहुधा झोप लागताना मारलेली, आणि तिथून पुढे पुस्तक कोरं करकरीत. असं एका नव्हे, बऱ्याच पुस्तकांत आहे. समासातल्या 'महत्त्वाचं'वर माझा आता विश्वास उरला नाही.

कथात्म पुस्तकांत उलट. दया पवारांच्या 'बलुतं'मध्ये (१९७८) सुरुवातीला थोड्या रेघा आहेत, जिथे दया पवार आणि दगडू मारुती पवार समोरासमोर बसतात तिथे. पुढे एकही नाही, आणि पुस्तक तर मी रात्रीत संपवलं होतं. पेन्सिल उचलायला सवडच मिळाली नाही. निर्देशांकाच्या हिशेबाने मी ते पहिल्याच प्रकरणात सोडलेलं ठरतं.

२३ मार्च

एस. आर. रंगनाथन यांचे ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम (१९३१) समोर ठेवून 'कोणाला द्यावं' हा रकाना पुन्हा भरला. दुसरा नियम : प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक. तिसरा : प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. वाचताना दोन्ही एकच वाटतात, काम करायला बसलं की फरक कळतो. दुसऱ्या नियमाने वागायचं तर माणूस समोर हवा, त्याला विचारायला हवं. तिसऱ्या नियमाने वागायचं तर धूळ खात पडलेलं पुस्तक हातात घेऊन आपल्या ओळखीच्या सगळ्या माणसांचा विचार करायचा. माझ्या जुन्या शिफारशी यांपैकी कशातच बसत नव्हत्या. मला काय आवडलं तेवढंच मी सांगत होते. चौथा नियम, वाचकाचा वेळ वाचवा, तो तर या सगळ्या वहीचाच नियम.

भाच्यावरच प्रयोग केला. त्याने 'मृत्युंजय' घेतलं होतं आणि मध्येच ठेवून दिलं होतं.

"कुठे थांबलास?"

"दुर्योधन बोलायला लागला तिथे. मावशी, सगळे एकाच भाषेत बोलतात गं."

मला हे फार आवडलं. शिवाजी सावंतांनी (१९६७) कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि शेवटी कृष्ण अशा वेगवेगळ्या तोंडून गोष्ट सांगितली आहे, आणि सगळे तितकेच अलंकारिक बोलतात. ज्यांना ती भाषा चढते त्यांना ती पुरत नाही. त्याला चढली नव्हती. मग त्याला त्याच वर्षी आलेलं इरावती कर्व्यांचं 'युगान्त' दिलं आणि सांगितलं, कर्णावरचा लेख आधी वाच, बाकीचं राहिलं तरी चालेल. तिथे कर्णाला कोणी दिव्य केलेलं नाही, बाई त्याच्याकडे सरळ, थोड्या कठोर नजरेने बघतात. प्रत्येक लेख स्वतंत्र आहे, तेव्हा कुठूनही शिरता येतं आणि कुठेही थांबता येतं.

शिफारस म्हणून मला ही जोडी मोठी कामाची वाटते. एका पुस्तकाने अडलेल्या माणसाला त्याच विषयावरचं उलट्या स्वभावाचं पुस्तक द्यायचं. अडण्याचं कारण माहीत नसतं तर त्याला मी दुसरी ऐतिहासिक-पौराणिक जाड कादंबरी दिली असती आणि तीही त्याने ठेवून दिली असती.

५ एप्रिल

मैत्रिणीच्या वडिलांची दृष्टी अधू झाली आहे, ती रात्री त्यांना वाचून दाखवते. तिने यादी मागितली. वाचून दाखवायच्या पुस्तकांचे निकष पार वेगळे निघाले. प्रकरण एका बैठकीत संपायला हवं, ऐकणाऱ्याला मागचं आठवायला लागू नये, आणि वाचणारीचा घसा टिकायला हवा.

'श्यामची आई'ची प्रकरणं म्हणजे 'रात्र पहिली', 'रात्र दुसरी' अशीच आहेत, साने गुरुजींनी पुस्तकाला वेळापत्रक बांधूनच दिलंय. पण काकांनी ते लहानपणापासून इतकं ऐकलंय की नको म्हणाले. मग व्यंकटेश माडगूळकरांची 'माणदेशी माणसं' (१९४९). प्रत्येक माणूस वेगळा, वाक्यं लहान, आणि माणूस संपतो तिथे रात्र संपवता येते. मोठ्याने वाचताना कळतं की माडगूळकरांच्या गद्यात काढून टाकण्यासारखं काही उरलेलं नसतं. जीभ कुठे अडत नाही.

त्यानंतर 'स्मृतिचित्रे'. इथे मी 'कुठून शिरावं'मध्ये लिहिलं, 'कुठूनही'. मोठी झाल्यावर लिहायला-वाचायला शिकलेल्या बाईचं हे गद्य बोलल्यासारखंच आहे. काका मध्ये मध्ये हसतात आणि मैत्रिणीला थांबावं लागतं, असा तिचा निरोप आला.

लीळाचरित्राचं मी सुचवलं ते तिला पटेना. जुनी मराठी, कसं जमणार? म्हटलं, एक लीळा घे, बस. काही लीळा चार-पाच ओळींत संपतात. म्हाइंभटांनी महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींच्या आठवणी माणसामाणसाला विचारून गोळा केल्या, त्यामुळे त्यात कोण कुठे बसलं होतं, कोण काय म्हणालं, असे बारीकसारीक तपशील आहेत. सातशे वर्षांपूर्वीचं बोलणं कानावर पडतं. मी स्वतः वि. भि. कोलत्यांनी संपादित केलेली प्रत अशीच अधूनमधून उघडते, क्रमाने कधीच वाचलेली नाही. 'कुठे थांबले' या रकान्यात तिच्यापुढे रेघ मारली आहे.

१३ एप्रिल

'कोणती आवृत्ती' हा रकाना उगाच ठेवला की काय असं वाटत होतं, आज तो कामी आला. गोडसे भटजींचं 'माझा प्रवास'. भटजी निघाले होते बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञाची दक्षिणा मिळेल म्हणून, आणि सापडले १८५७च्या धामधुमीत. झाशीला वेढा पडला तेव्हा ते आत होते. हे हस्तलिखित चिं. वि. वैद्यांनी १९०७ मध्ये छापलं ते बरंच संस्कार करून. मूळ बाडाबरहुकूम आवृत्ती दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये काढली. माझ्याकडे दोन्ही आहेत, आणि वैद्यांची मी निम्म्यात सोडलीय. पोतदारांची हातात आल्यावर मागे जाववलं नाही. भटजींची खरी बोली, त्यांची भीती आणि पैशाची चिंता तिथे जशीच्या तशी आहे.

कुठून शिरावं : थेट झाशीत. घर सोडण्याची कारणं आणि वाटेतले मुक्काम मग मागे जाऊन वाचावेत, तोवर भटजींची काळजी वाटायला लागलेली असते.

वाचनाबद्दलची पुस्तकं यादीत घालायची का, यावर बराच विचार केला. सतीश काळसेकरांचं 'वाचणाऱ्याची रोजनिशी' तेवढं घातलं. साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला म्हणून नाही (२०१३), तर ते वाचताना उठून दुसरं पुस्तक काढावंसं वाटतं म्हणून. मी ते कधीच पुरं करणार नाही. दर चार पानांनी दुसरीकडे पाठवणारं पुस्तक संपणार कसं?

२७ एप्रिल

यादीचा पहिला खर्डा चौघांना पाठवला. तिघांची उत्तरं आली. मैत्रिणीला हवा होता 'किती वजनाचं आहे' असा रकाना, कारण काकांना पुस्तक हातात धरून बसायला आवडतं, दिसत नसलं तरी. घातला. ऑफिसातल्या एकाचं म्हणणं, नुसती नावं दे, बाकी पाल्हाळ कशाला. त्याला नुसती नावं पाठवली.

भाच्याने 'युगान्त' परत केलं. कर्ण वाचला, द्रौपदी वाचली, गांधारी अर्धी. "आता 'मृत्युंजय' पुढे वाचू का?" म्हणून विचारत होता. म्हटलं, वृषालीच्या भागापासून घे, दुर्योधन राहू दे. त्याने स्प्रेडशीटमध्ये स्वतःच्या नावाचा वेगळा ताव जोडलाय आणि त्यात रकाने माझ्याइतकेच आहेत.

आता राहिले कवितासंग्रह. त्यांना 'कुठे थांबले' लावता येत नाही, कवितेचं पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचणारा माणूस मला अजून भेटायचाय. तो रकाना काढून तिथे 'काय पाठ आहे' असा केला. मर्ढेकरांच्या 'काही कविता'पाशी (१९४७) गाडी अडली. तिथे कवितांना नावं नाहीत, क्रमांक आहेत. ओळी तोंडावर आहेत, क्रमांक एकाचाही आठवत नाही. पुस्तक खालच्या फळीवर, मागच्या रांगेत आहे. पुढच्या रविवारी ती फळी काढते.